जुनी जिप्सी लांबच्या प्रवासाला काढायची तर खालून सुरुवात करा

जुनी मारुती जिप्सी दारात आली की पहिला फोन रूफ रॅकवाल्याला जातो आणि दुसरा टायरवाल्याला, मग एलईडी बार, मग मागे दोन जेरीकॅन, आणि फोटो खरंच मस्त येतात. पण गाडी स्पितीला किंवा कच्छच्या रणाकडे न्यायची असेल तर माझं कळकळीचं सांगणं आहे की काम जमिनीपासून वर चढत करा. आधी चासी, मग ब्रेक आणि हाउसिंग (ॲक्सलचा लोखंडी डबा), मग कूलिंग, मग वायरिंग, आणि तंबू, चूल, फ्रीज सगळ्यात शेवटी. तुमच्याकडे शंभर रुपये असतील तर त्यातले साठ-सत्तर अशा ठिकाणी जाऊ देत जिथे कोणाची नजर जाणार नाही. माझी २००३ ची जिप्सी किंग मी याच क्रमाने उभी केली, मध्ये एकदा क्रम मोडला तो महागात पडला, ते पुढे येईलच.

मी जिप्सीबद्दलच लिहितोय कारण माझ्याकडे ती आहे, पण एमएम ५४० असो, जुनी सुमो फोर बाय फोर असो की सुरुवातीची गुरखा, क्रम तोच.

कुठली घ्यायची ते आधी. जिप्सी १९८५ च्या शेवटी आली, ९७० सीसी इंजिन आणि चार गिअर. १९९६ ला किंग आली, १२९८ सीसी आणि पाच गिअर, ६० हॉर्सपॉवर. २००० च्या सुमाराला तिला एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शनवालं) इंजिन मिळालं आणि ताकद ८० वर गेली. २०१८ संपताना बुकिंग बंद झालं. लांबच्या आणि उंचावरच्या प्रवासाला मी एमपीएफआयच घ्या म्हणतो, आणि त्याला कारण आहे. टर्बो नसलेलं इंजिन दर १,००० फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं, स्पितीच्या वाटेवरची कुंझुम ला ही खिंड साडेचार हजार मीटरवर (जवळपास १५,००० फुटांवर) आहे, म्हणजे तिथे पोचेपर्यंत चाळीस-पंचेचाळीस टक्के ताकद गेलेली असते. ऐंशीतले तेवढे गेले तरी सामान भरलेली गाडी लो गिअरमध्ये चढते. कार्ब्युरेटरची साठवाली वर हवा विरळ झाली की पेट्रोल जास्त ओढते, काळा धूर सोडते आणि तिथे जेट बदलत बसायला लागतं. ज्यांना कार्ब्युरेटर मनापासून आवडतो आणि उघडता येतो त्यांनी जरूर घ्या, सह्याद्रीत फिरायला ती उत्तमच आहे.

बघायला जाताना

एक जुनी चादर, टॉर्च, छोटी हातोडी, मोठा स्क्रू ड्रायव्हर, लोहचुंबक आणि एक मोठा पुठ्ठा, एवढं घेऊन जा. आदल्या दिवशी फोन करून मालकाला सांगा की दादा गाडी आम्ही येण्याआधी चालू करू नका, आणि गेल्यावर बोनेटला हात लावून बघा गार आहे का. थंड इंजिन कसं चालू होतं ते बघायचं असतं. चालू करायच्या आधी रेडिएटरची टोपी उघडा (थंड असतानाच, गरम असताना अजिबात नाही), आत हिरवं किंवा लाल कूलंट दिसलं तर ठीक, चहासारखं तपकिरी पाणी दिसलं तर वर्षानुवर्षं नळाचं पाणी घातलंय असं समजा. ऑइलच्या टोपीखाली सायीसारखा पांढरा फेस असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. हे इंजिन अख्खं ॲल्युमिनियमचं आहे, एकदा जोरात तापलं की हेड वाकतं.

मग चादर अंथरून खाली शिरा. चासीवर हातोडीने हलकेच ठोकत मागपासून पुढपर्यंत या. चांगला पत्रा टण्ण वाजतो, आतून खाल्लेला पत्रा थप्प असा ओल्या लाकडासारखा आवाज देतो, आणि हा फरक पाच मिनिटांत कानाला कळायला लागतो. मागच्या ॲक्सलच्या वर जिथे चासी वळते तिथे, पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरपाशी आणि बॉडी माउंटच्या भोवती जास्त वेळ घालवा. आवाज बदलला तिथे स्क्रू ड्रायव्हर टेकवून दाबा, आत गेला तर किंमत तिथूनच खाली बोलायची. वरती मॅट उचलून फ्लोअर बघा, पुढच्या फेंडरच्या मागची बाजू, काचेच्या फ्रेमचा खालचा कोपरा, मागच्या दाराच्या कडा. लोहचुंबक कापडात गुंडाळून फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलीय.

आमच्या ठाणे-नवी मुंबईकडच्या गाड्यांना गंज जास्त का लागतो तर एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला चार महिने पाऊस. ऐरोली, कोपरी, वाशीच्या खाडीकाठच्या सोसायटीत उघड्यावर दहा वर्षं उभी असलेली गाडी आणि देशावर शेडमध्ये उभी असलेली गाडी यांची चासी शेजारी शेजारी बघितली तर एकच मॉडेल आहे यावर विश्वास बसत नाही. म्हणून मी तरी नगर, सातारा, सोलापूर बाजूची गाडी शोधा म्हणेन, किमी जास्त असले तरी चालतील. इंजिन बांधून मिळतं, गंजलेली चासी परत नवी होत नाही.

फोर बाय फोर चालतंय का हे बघायला चिखल लागत नाही. मोकळ्या मुरमाच्या प्लॉटवर जा, पुढच्या दोन्ही हबचे चकते लॉकवर फिरवा, लिव्हर फोर एच (फोर बाय फोर, हाय) मध्ये टाका आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून अगदी सावकाश गोल फिरा. गाडी अडखळत, कोणीतरी मागे ओढतंय अशी चालायला लागली तर पुढची चाकं ओढतायत. जिप्सीला मधला डिफरेन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नाही त्यामुळे वळताना हे होणारच, आणि म्हणूनच कोरड्या डांबरावर फोर बाय फोर कधीही लावायचं नाही. काहीच फरक जाणवला नाही तर हब किंवा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) आतून बंद आहे. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडून बघा, गिअर आपोआप उडून न्यूट्रलला आला तर गिअरबॉक्स उघडायला लागणार. आणि निघताना गाडीखाली पुठ्ठा सरकवा, मालकाशी चहा होईपर्यंत तसाच राहू दे, मग काढून कुठे काय टपकलंय ते फोटो काढून ठेवा.

कागदाचं काम कंटाळवाणं आहे पण त्यात सूट नाही. चासी नंबर स्वतः घासून साफ करून आरसीशी जुळवा, कर्जाचा बोजा आणि चलनं ऑनलाइन तपासा. रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, त्यानंतर गाडी तपासून दर वेळी ५ वर्षांसाठी नूतनीकरण होतं, अर्ज फॉर्म २५ वर, आणि तो मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून करता येतो. सोबत पर्यावरण कर. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागते. दिल्लीकडे १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले म्हणून तिकडच्या जिप्सी स्वस्त दिसतात, पण एनओसी, इथला रोड टॅक्स आणि एमएच ०४ (ठाणे) किंवा ४३ (नवी मुंबई) चा नंबर मिळेपर्यंतच्या फेऱ्या धरून हिशोब करा. लष्कराच्या लिलावातली गाडी असेल तर लिलावाचे मूळ कागद हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि बदल करताना कायद्याचं भान ठेवा. कंपनीने दिलेली मूळ रचना बदलायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट सांगितलं, आणि बुल गार्ड लावू नका हे केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय. चासी कापणं, दुसरं इंजिन बसवणं, बाहेर आलेले लोखंडी बंपर यांच्या नादी लागू नका, अपघात झाला तर विम्याचा प्रश्नही तिथेच उभा राहतो.

गंज

इथे मी क्रम मोडला होता. गाडी आणली तेव्हा पावसाळा तोंडावर होता, घाईत एका ठिकाणी खालून काळं रबर कोटिंग मारून घेतलं, गाडी खालून नव्यासारखी दिसायला लागली. पुढच्या मे महिन्यात मागच्या डाव्या बॉडी माउंटपाशी बॉडी किरकिरायला लागली म्हणून खाली गेलो, कोटिंगला नख लावलं तर अख्खी खपली पोळीसारखी निघून हातात आली आणि तिच्या मागे पत्रा उरलेलाच नव्हता, लाल भुगा होता. गंजावर कोटिंग मारलं की ओल आत कोंडते, बाहेरून दिसत नाही आणि आत खाणं चालू राहतं. तेव्हा काळं कोटिंग ही शेवटची पायरी आहे, पहिली कधीच नाही.

नीट करायचं तर असं. सीट, मॅट, पेट्रोलची टाकी काढा, जमत असेल तर बॉडी चासीवरून उचला, जिप्सीची बॉडी बोल्टवर आहे आणि चार-पाच माणसं आणि एक चेन ब्लॉक असला की निघते. हे सोसायटीच्या पार्किंगमध्ये होणार नाही, ग्राइंडरचा आवाज सुरू झाला की अर्ध्या तासात सेक्रेटरी खाली येतात आणि त्यांचंही बरोबर आहे. वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तळोजा इकडे फॅब्रिकेशनचे गाळे आहेत, कोणाशी तरी बोलून महिन्या-दोन महिन्यांसाठी कोपरा मागून घ्या, तिथे थ्री फेजची लाइन असते, वेल्डिंग असतं आणि शेजारी लेथवालाही असतो. ऑक्टोबर ते मे हेच दिवस, जुलैत रंगाचं काम काढलं तर प्रायमर सुकतच नाही.

सडलेला पत्रा कापून टाका, चांगला चमकणारा पत्रा लागेपर्यंत कापा. त्यावर फायबर आणि लांबीचं ठिगळ लावून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे जा. फ्लोअरला १८ गेजचा पत्रा, माउंटच्या आसपास १६ गेज, आणि सीओटू वेल्डिंगच मागा कारण त्यात पातळ पत्रा कमी तापतो आणि वाकत नाही. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि एमपीएफआय असेल तर ईसीएमचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) प्लगही काढा. बाकीचा वरवरचा गंज ग्राइंडरला वायर ब्रश लावून घासायचा, कोपऱ्यात हाताने, मग फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर, तो पूर्ण सुकला की इपॉक्सी प्रायमर दोन हात, सांध्यांना सीलंट, मग रंग, आणि त्याच्यावर कोटिंग. चासीच्या पोकळ भागात आतून मेणाचा स्प्रे लांब नळीने मारा. पाणी निघायची मूळ भोकं कोटिंगने बुजणार नाहीत हे स्वतः उभं राहून बघा, काम करणारा मुलगा घाईत ती हमखास बुजवतो.

यात सगळ्यात जास्त वेळ जातो आणि सांगायला काहीच नसतं. पण माझ्या मते गाडी वाचते ती इथे.

पुढचं ॲक्सल आणि ब्रेक

जिप्सी साठच्या पुढे गेली आणि खड्डा लागला की स्टिअरिंग थरथरायला लागतं, ही तक्रार सगळ्यांचीच. बहुतेक जण स्टिअरिंग डॅम्पर बदलतात, महिनाभर बरं वाटतं, मग परत तेच, कारण रोग नकलमध्ये, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं त्या सांध्यात असतो.

पुढचं चाक जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा, चाक वर आणि खाली धरून हलवा. खुळखुळ जाणवली तर घरच्या कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर खुळखुळ गेली तर व्हील बेअरिंग सैल आहे, तशीच राहिली तर किंगपिनची (नकल ज्यावर फिरतं त्या खुंटीची) बेअरिंगं गेलीयत. दोन मिनिटांची ही तपासणी आहे, यासाठी कोणाला पैसे द्यायला नकोत. चाक डावी-उजवीकडे हलवून बघा, तिथे टाय रॉडची एंडं बोलतात.

माझं नकल उघडलं तेव्हा आतून ग्रीस आलं नाही, राखाडी खळ आली, पाणी आणि ग्रीस एकत्र होऊन झालेली. सील फाटलं होतं आणि किती पावसाळे पाणी आत जात होतं देव जाणे. खालच्या किंगपिनच्या बेअरिंगमध्ये रोलरचे खड्डे कपबशीतल्या चिरेसारखे स्पष्ट दिसत होते, बोट फिरवलं की टोचत होते. असं असेल तर दोन्ही बाजूंची चारही बेअरिंगं आणि सील सेटच बदला, एकच बाजू करू नका. आणि नवं सील बसवायच्या आधी तो अर्धगोल चेंडू बघा ज्यावर ते घासतं, त्यावर गंजाचे खड्डे असतील तर बारीक पॉलिश पेपरने पाण्यात घासून गुळगुळीत करा, नाहीतर नवं सील दोन महिन्यांत फाटतं. जोडताना किंगपिन नुसता कसून आवळायचा नाही, शिम (पातळ चकत्या) घालून ताण बसवायचा असतो, टाय रॉडच्या भोकाला ताणकाटा अडकवून नकल ओढायचं आणि हलायला लागताना काटा किती दाखवतो ते वर्कशॉप मॅन्युअलशी जुळवायचं. आमच्या मिस्त्रीने आधी 'हाताला कळतं' म्हणून सांगितलं, मी ताणकाटा घेऊनच गेलो होतो, एका बाजूला बरोबर निघालं आणि दुसऱ्या बाजूला बरंच घट्ट. एक शिम वाढवला. तेव्हापासून ऐंशीला एका हाताने स्टिअरिंग धरता येतं.

ब्रेकमध्ये कंजूषी नको. रबरी नळ्या वीस वर्षांच्या असतील तर वरून चांगल्या दिसल्या तरी बदला, त्या आतून फुगतात. मागच्या ड्रममधले व्हील सिलिंडर उघडून बघा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, त्यामुळे दर दोन वर्षांनी पूर्ण बदलायचं, घाट उतरताना ब्रेक तापले की ते पाणी उकळतं आणि पेडल खाली जातं. सामान भरलेली गाडी कसाऱ्यातून उतरवताना हे अनुभवायची वेळ कोणावरही येऊ नये.

हाउसिंग, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, तिन्हीकडचं ऑइल पहिल्या दिवशी काढून टाका. दुधासारखं निघालं तर पाणी गेलंय, सील आणि ब्रीदर (हाउसिंगमधली हवा जायची वाट) बघा. हाउसिंगला जीएल-५ ग्रेडचं ऑइल, गिअरबॉक्सला मात्र जीएल-४ च, कारण जीएल-५ मधली काही रसायनं सिंक्रोच्या पितळी रिंगांना खातात. दुकानदार दोन्ही एकच आहे म्हणून एकच डबा देतो, घेऊ नका. हाउसिंगच्या ब्रीदरला रबरी नळी जोडून ती बोनेटपर्यंत वर आणा, चारशे-पाचशे रुपयांचं काम आहे पण ओढा ओलांडताना गरम हाउसिंग एकदम गार होऊन पाणी आत ओढतं ते थांबतं.

इंजिन, कूलिंग, पेट्रोल

टायमिंग बेल्ट कधी बदलला हे बिलासकट माहीत नसेल तर बदललाच नाही असं धरा आणि बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, पुढचं ऑइल सील एकदम करा, उघडायला मजुरी तीच लागते.

थर्मोस्टॅट काढून टाकायची आपल्याकडे फार वाईट सवय आहे. गाडी तापते म्हणून मिस्त्री तो काढून हातात देतो. मूळ दुखणं असतं चोंदलेल्या रेडिएटरचं. थर्मोस्टॅट नसेल तर थंडीत इंजिन तापायला फार वेळ घेतं, पेट्रोल जास्त जातं, आणि एमपीएफआयचा सेन्सर इंजिन थंडच आहे समजून मिश्रण जाड ठेवतो. रेडिएटर उघडून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या किंवा नवा कोअर टाका, नवी टोपी, वरच्या-खालच्या नळ्या, थर्मोस्टॅट जागेवर, आणि कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये अर्धं-अर्धं. त्याने उकळायचं तापमानही वाढतं आणि स्पितीतल्या काझाच्या थंडीत गोठतही नाही.

पेट्रोलची टाकी बाहेर आहेच तर आतून धुवून घ्या. आता पंपावर ई२० येतं, जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने मऊ पडतात आणि चिरतात, शिवाय टाकीत वर्षांचा साठलेला गाळ सुटून फिल्टरमध्ये येतो. इथेनॉलला चालणाऱ्या नळ्या टाका, नवे क्लिप लावा, आणि दोन फ्युएल फिल्टर डिकीत ठेवा.

टायर आणि पाटे

मूळ साइज २०५/७० आर १५ आहे, त्यावर २१५/७५ आर १५ पर्यंत जायला हरकत नाही, चाक साधारण ५ टक्क्यांनी मोठं होतं, म्हणजे काटा ६० दाखवतो तेव्हा तुम्ही ६३ वर असता. त्याच्या पुढे गेलात तर टायर घासतो, गिअर उंच पडतात, ब्रेकवर भार येतो आणि उंचावर जी थोडी ताकद उरलेली असते तीही जाते. बसलेले पाटे कळंबोलीकडे ट्रकची कामं करणाऱ्यांकडून परत बाक देऊन घ्या, सगळे बुश आणि शॅकल नवे, यू बोल्टही नवे, आणि ५०० किमीनंतर यू बोल्ट परत आवळा, हे लोक विसरतात. दोन इंचापेक्षा जास्त उचलू नका.

वायरिंग

जुन्या गाडीत प्रत्येक मालकाने एक वायर वाढवलेली असते, हॉर्नची, टेपची, रिव्हर्स लाइटची. ते सगळं काढून मूळ हार्नेसपर्यंत या. बॅटरीपासून चासीला आणि इंजिनला जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्ट्या नव्या टाका, अर्ध्या विचित्र तक्रारी तिथेच संपतात. हेडलाइटला रिले लावा, बल्ब तोच ठेवून उजेड वाढतो, कारण आधी सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून यायचा.

फ्रीज लावणार असाल तर हिशोब करूनच दुसरी बॅटरी घ्या. ४० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रीज चालू असताना साधारण ४५ वॉट घेतो, म्हणजे पावणेचार अँपिअर, दिवसातला एक तृतीयांश वेळ चालला तर चोवीस तासांना ३० अँपिअर-अवर. १०० ची साधी बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नसते, म्हणजे दीड दिवस. लिथियम फॉस्फेट हलकी असते आणि जास्त खोलवर वापरता येते, पण शून्याच्या खाली तिला चार्ज करायचं नसतं आणि बोनेटखालची गरमीही तिला सोसत नाही, म्हणून ती केबिनमध्ये, आणि मधे डीसी-डीसी चार्जर. काहीही लावा, पण फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर हवा. दुसऱ्या टोकाला लावलेला फ्यूज मधली सगळी वायर उघडी सोडतो.

सामान आणि झोपणं

जिप्सी अरुंद आणि उंच आहे, रिकामी साधारण एक टन. तिच्या डोक्यावर पन्नास-साठ किलोचा रूफ टेंट आणि त्यावर स्टेपनी ठेवली की तिरक्या उतारावर ती कशी वागते ते बघवत नाही. मी जमिनीवरचा तंबू वापरतो, छपरावर फक्त ताडपत्री आणि गाद्या. जड वस्तू खाली आणि मागच्या ॲक्सलच्या पुढे. पाणी लिटरला किलो, म्हणजे वीस लिटरचे दोन कॅन ४० किलो, ते मधे पायाशी. १२ मिमी मरीन प्लायचा एक लांब खोका, आत दोन कप्पे, डाव्या बाजूला स्वयंपाक, उजव्या बाजूला हत्यारं, आणि तो खोका फ्लोअरला आठ एमएमच्या बोल्टने खाली मोठे वायसर घालून बसवायचा. पट्ट्याने बांधलेला खोका अचानक ब्रेक मारला की सीटमागून पाठीत येतो.

स्वयंपाकाचं जास्त सांगत नाही, ज्याची त्याची आवड. एक बर्नर, एक छोटा कुकर, मेतकूट, भाजणी, आणि आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी पंधरा दिवस टिकते. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं, डाळ नुसत्या पातेल्यात शिजत नाही, म्हणून कुकर पाहिजेच.

अडकल्यावर बाहेर काढायला लागणाऱ्या वस्तूंसाठी आधी चासीला नीट बसवलेला हुक हवा, दोन पुढे, एक मागे. मग कायनेटिक रोप (ताणला जाणारा दोर), दोन बो शॅकल (दोर अडकवायच्या लोखंडी कड्या), फावडं, आणि हवा भरायचा पंप. रोप ओढताना त्याच्यावर जाड पोतं किंवा घोंगडी टाका आणि बघ्यांना रोपच्या दुप्पट लांब उभं करा, तुटलेला शॅकल माणसाचा जीव घेतो. वाळूत टायर १६-१८ पीएसआयपर्यंत उतरवले की निम्म्या वेळा रोप लागतच नाही, बाहेर आल्यावर मात्र लगेच भरा. समुद्रकिनाऱ्यावर सरावाला नेऊ नका, खारं पाणी एका दिवसात सहा महिन्यांची मेहनत खातं आणि तिथल्या लोकांनाही त्रास होतो.

सोबत न्यायचे सुटे भाग: फॅन बेल्ट, दोन्ही रेडिएटर नळ्या, क्लच केबल, ॲक्सिलरेटर केबल, प्रॉपेलर शाफ्टचा एक क्रॉस, पुढचं व्हील बेअरिंग आणि सील, फ्युएल पंपचा रिले, ब्रेक ऑइल, एम-सील, बांधायची तार. क्लच केबल निघायच्या आधी एकदा स्वतः बदलून बघा आणि काढलेली जुनी चालू स्थितीतली केबलच स्पेअर म्हणून ठेवा, ती त्या गाडीला बसते याची खात्री झालेली असते. कुर्ल्याच्या बाजारात जुने भाग मिळतात, पण ब्रेक आणि स्टिअरिंगचा एकही भाग जुना घेऊ नका.

पहिली फेरी जवळच

सगळं झालं की पूर्ण सामान भरा, पाणी, पेट्रोल, माणसं सगळं, आणि वजनकाट्यावर गाडी घाला. आरसीवरच्या आकड्याच्या वर गेली असेल तर घरी येऊन सामान कमी करा. मग शनिवारी पहाटे मुरबाडवरून माळशेज चढा, तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवा, किंवा कसाऱ्यावरून भंडारदऱ्याकडे. जायच्या आधी मुद्दाम घोडबंदरच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये एकदा तासभर उभी करून बघा, कूलिंगची खरी परीक्षा घाटाइतकीच तिथेही होते. रात्री तंबूत राहा, फ्रीज चालवा, सकाळी बॅटरीचं व्होल्टेज वहीत लिहा. परत येताना एखाद्या कच्च्या रस्त्यावर हब लॉक करून दहा किमी फोर एच मध्ये चालवा, कारण महिनोन् महिने न फिरलेलं ॲक्सल नेमकं गरजेच्या दिवशी रुसतं.

रविवारी रात्री गाडी लावली की चारही हबना हात लावा, एखादा इतरांपेक्षा जास्त गरम असेल तर तिथे बेअरिंग घट्ट आहे किंवा ब्रेक धरून राहतोय. मग खाली तोच मोठा पुठ्ठा सरकवा आणि झोपायला जा. सकाळी पुठ्ठा बाहेर काढा आणि गाडी बघायला गेलेल्या दिवशीच्या फोटोशेजारी ठेवा. एखादा डाग दिसला आणि तो कुठून आला हे सांगता येत नसेल, तर मनालीच्या तारखा अजून ठरवू नका, परत चादर अंथरा आणि खाली शिरा.